ऐकण्याचे नवे दिवस : मराठी पॉडकास्टमधली मुलाखत, गोष्ट आणि राजकारण

भारतात खासगी रेडिओला स्वतःची बातमी सांगायला बंदी आहे. हे वाक्य सुशिक्षित माणसांसमोर उच्चारले तर निम्म्यांचा विश्वास बसत नाही. वर्तमानपत्र कोणालाही काढता येते, दूरचित्रवाणीच्या वृत्तवाहिन्या शेकड्यांनी आहेत, पण नांदेड शहरात लागणाऱ्या खासगी एफएमवर निवेदकाला नगरपालिकेच्या निवडणुकीवर दोन वाक्ये स्वतःच्या मनाने बोलता येत नाहीत. २००१मध्ये खासगी एफएम सुरू झाले तेव्हापासून ही अट आहे. २०११च्या धोरणाने सवलत दिली ती एवढीच, की आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावावे. सामुदायिक रेडिओलाही हाच नियम. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये सांगितले होते. तरीही नुसत्या आवाजातून राजकारणावर बोलण्याचा अधिकार या देशात व्यवहारतः एकाच संस्थेकडे राहिला.

पॉडकास्टचा विचार येथून सुरू करावा असे मला वाटते. एरवी हा विषय निघाला की बोलणे मायक्रोफोन, कॅमेरा आणि किती लोकांनी पाहिले याच्या आकड्यांवर घसरते. पॉडकास्टला हवेतली लहर लागत नाही, तो इंटरनेटवरून येतो, म्हणून त्याला परवाना लागत नाही. दोन माणसे, एक खोली आणि एक फोन एवढ्यावर, आकाशवाणीच्या भिंतीबाहेर, मराठीत राजकारणावर तासभर बोलून ते हजारो कानांपर्यंत पोचवता येणे ही गोष्ट आपल्याकडे जेमतेम दहा वर्षांची आहे. सरकारलाही ते उमगलेले दिसते. २०२३मध्ये प्रसारण सेवांच्या नियमनाचा जो मसुदा आला, त्याची व्याप्ती इंटरनेटवर चालू घडामोडींबद्दल बोलणाऱ्यांपर्यंत जात होती. पुढच्या वर्षी त्याच्या सुधारित प्रतीवर गदारोळ झाला आणि ऑगस्ट २०२४मध्ये तो मागे घेण्यात आला. पुन्हा येणारच नाही असे मात्र कोणी म्हटलेले नाही.

शब्दाबद्दल थोडे. २००४च्या फेब्रुवारीत ‘द गार्डियन’मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने या नव्या प्रकाराला काय म्हणावे म्हणून दोन-तीन नावे सुचवली, त्यांत आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची सांगड घातलेले ‘पॉडकास्टिंग’ होते. तेच टिकले. आयपॉड हे यंत्र ॲपलने २०२२मध्ये बंद केले, नाव मागे राहिले. आपल्याकडे जाते गेले आणि जात्यावरची ओवी राहिली तसेच. मूळ रचना अगदी दिवाळी अंकाच्या वर्गणीसारखी होती. एकदा नाव नोंदवले की नवा भाग तयार होताच आपोआप आपल्या यंत्रात येऊन पडायचा. मध्ये दुकानदार नाही, दर्शनी भागात काय मांडायचे हे ठरवणारा कोणी नाही. मराठी माणसाने मात्र पॉडकास्ट या रूपात फारसा अनुभवलाच नाही. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि लोक थेट यूट्यूबवर गेले. त्यामुळे ‘ऐकायचा’ हा प्रकार आपल्याकडे ‘बघायचा’ होऊन आला. गूगलनेही २०२४मध्ये आपले पॉडकास्टचे वेगळे ॲप बंद करून श्रोत्यांना यूट्यूबकडे वळवले. म्हणजे वर्गणीदाराचे पुन्हा दुकानातले गिऱ्हाईक झाले. पुढे काय ऐकावे हे आता यंत्र सुचवते.

मी हे सारे अर्धापुरातून ऐकतो. नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, केळीच्या बागांचे हे तालुक्याचे गाव. येथे पॉडकास्ट बघायला कोणाला सवड नाही. ऐकणे मात्र भरपूर चालते. बागेत पिलं काढताना, मोटार चालू करून बसल्यावर, नांदेडच्या गाडीत, रात्री पाणी द्यायला गेल्यावर, फोन खिशात आणि एक दांडी कानात. पडद्यावर सजवलेली खोली, मागचे पुस्तकांचे कपाट, निऑनच्या पट्ट्या हे सगळे खिशातल्या अंधारात वाया जाते. पुढे जे लिहिले आहे ते या कानाच्या बाजूने लिहिले आहे.

आधी मुलाखत. रेडिओवरची मुलाखत घड्याळाची गुलाम होती. पंधरा मिनिटे, फार तर अर्धा तास. प्रश्न आधी लिहिलेले, पुष्कळदा उत्तरेही. त्या शिस्तीत उत्तम कामे झाली, पण माणूस मोकळा होण्याच्या आत वेळ संपायची. पॉडकास्टने घड्याळ काढून टाकले. इंग्रजीत अमित वर्मा यांनी २०१७मध्ये सुरू केलेल्या ‘द सीन अँड द अनसीन’ या मालिकेतले भाग आता पाच-पाच तास चालतात आणि लोक ते पुरवून पुरवून ऐकतात. मराठीत सौमित्र पोटे यांचे ‘मित्रम्हणे’ नाटक-सिनेमातल्या माणसांना बोलते करते. विनायक पाचलग यांची ‘थिंक बँक’ अर्थकारण, राजकारण, समाजकारण यांतल्या जाणकारांना. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचे ‘अमुक तमुक’ घर, मन, नाती, आजारपण अशा विषयांवर तज्ज्ञांना समोर बसवते. या शेवटच्या घरातली ‘खुसपुस’ ही मालिका मला महत्त्वाची वाटते. लैंगिकता, शरीर, विवाहातले अबोल प्रश्न हे मराठीत बोलायचे तर एकीकडे वैद्यकीय संस्कृत आणि दुसरीकडे शिवी असे दोनच पर्याय होते. मधली, सभ्य आणि साधी भाषा या गप्पांतून घडते आहे. भाषेसाठी हे काम एखाद्या परिभाषा कोशाइतकेच मोलाचे आहे.

घड्याळ काढल्याने काय होते हे मी लक्षपूर्वक ऐकले. पहिली वीस मिनिटे पाहुणा तेच सांगतो जे त्याने इतरत्र सांगितलेले असते. त्याची वाक्ये घासून गुळगुळीत झालेली असतात. पाऊण तासाच्या आसपास तो दमतो आणि दमलेला माणूस खरे बोलू लागतो. वाक्य अर्धे सोडतो, ‘म्हणजे तसं नव्हे’ म्हणून मागे येतो, एखादे नाव घेऊन थबकतो. मुलाखत तेथे सुरू होते. चांगला मुलाखतकार त्या वेळी गप्प बसतो. आपल्याकडचे बरेच जण नेमके तेव्हा ‘वा, क्या बात है’ म्हणतात आणि दार लागते. शांतता सहन न होणे हा मराठी पॉडकास्टचा सगळ्यांत मोठा दोष आहे असे माझे मत आहे. रेडिओतल्या जुन्या लोकांना शांततेची किंमत माहीत होती, कारण तेथे ती सेकंदांत मोजावी लागे.

नांदेडच्या माणसाला हा विषय नरहर कुरुंदकरांपर्यंत आणल्याशिवाय राहवत नाही. पीपल्स कॉलेजचे हे प्राचार्य लेखक म्हणून मोठे, पण मराठवाड्याने त्यांना प्रथम कानांनी ओळखले. मनुस्मृतीपासून निवडणुकीपर्यंत कोणत्याही विषयावर, समोरच्या साध्या माणसाला कळेल आणि पंडिताला खोडता येणार नाही अशा रीतीने दोन तास बोलायचे आणि पुढे प्रश्नोत्तरांत रात्र काढायची, हे त्यांचे जगणे होते. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आतले. त्यांची काही पुस्तके व्याख्यानांतूनच आकाराला आली आणि ती वाचताना बोलण्याची लय जाणवतेही. पण समोरच्याने आडवा प्रश्न टाकल्यावर ते काय करत, किती थांबत, कोठे हसत, हे कागदावर कसे उतरणार? आजच्या दोन तासांच्या गप्पा ज्यांना लांबण वाटतात, त्यांनी एवढाच विचार करावा की असे दहा भाग कुरुंदकरांचे असते तर आपण काय केले असते.

आता बोलीचा प्रश्न. वर ज्या मालिकांची नावे घेतली त्या पुण्या-मुंबईत घडतात. त्यात गैर काही नाही, यंत्रे आणि माणसे तेथे आहेत. पण आमच्याकडचा पाहुणा त्या खोलीत शिरताना चपलांबरोबर बोलीही दाराबाहेर काढतो. नांदेड-लातूरकडे ‘जात आहे’ला ‘जायलालो’ म्हणतात, ‘करत आहे’ला ‘करायलालो’, ‘का’ऐवजी ‘काहून’. घरात, बाजारात, वकिलाच्या कचेरीतही हे चालते. तोच माणूस माइकसमोर ‘मी असं म्हणेन की’ असे सुरू करतो आणि त्याचे निम्मे शहाणपण त्या ‘म्हणेन’मध्ये अडकून बसते. उलट आमच्या भागातल्या तरुणांनी चालवलेल्या विनोदी चित्रफितींत हीच बोली धबधब्यासारखी येते, मात्र केवळ हसवायला. बोलीत हसता येते, पण विचार प्रमाण भाषेतच करायचा असतो, अशी वाटणी नकळत झाली आहे. मला ती धोक्याची वाटते. शेतकऱ्याने बोलीत अर्थशास्त्र सांगितलेला भाग मी शोधत असतो. थोडे सापडले, जे सापडले त्यांत मुलाखतकार स्वतः बोलीत विचारत होता. प्रश्न ज्या भाषेत येतो त्याच भाषेत उत्तर येते, एवढे साधे त्याचे यंत्र आहे.

गोष्टींचे त्या मानाने बरे चालले आहे आणि त्यावर फार लांबण लावण्याचे कारण नाही. मराठी माणूस गोष्ट ऐकण्यात मुळातच तरबेज. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथन गावोगाव नेले, वपुंच्या कथाकथनाच्या कॅसेट घरोघर वाजल्या, आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी लोकांना शेजारी राहत असल्यासारखे वाटत. २०१७च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली ती इंग्रजी, हिंदीच्या बरोबरीने मराठी घेऊन. असा मान मराठीला क्वचित मिळतो. त्यानंतर वाचक-अभिनेत्यांचा एक नवा वर्गच तयार झाला. भयकथा आणि गुन्हेकथा यांचे पीक मोठे आहे; ते असायचेच, रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाला झोप येऊ नये याची ती उत्तम सोय आहे.

त्रास आहे तो परवानगीचा. यूट्यूबवर हौसेने वाचलेल्या कितीतरी कथांमागे लेखकाची वा वारसांची संमती नसते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. पण याचीच दुसरी बाजू कोणी पाहत नाही. परभणीचे बी. रघुनाथ १९५३मध्ये गेले, म्हणजे २०१४पासून त्यांचे साहित्य सर्वांसाठी खुले आहे. निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता या माणसाने संस्थानातल्या मराठी कारकुनाचे, शिक्षकाचे, कोंडलेल्या मध्यमवर्गाचे जग लिहिले. ‘आडगावचे चौधरी’ किंवा त्यांच्या कथा आमच्याकडच्या आवाजात, भागाभागाने वाचल्या जाव्यात यासाठी कोणाला एक पैसा द्यायचा नाही की कोणाची सही घ्यायची नाही. रझाकारांवरचे तेच ते भडक भाग ऐकण्यापेक्षा त्या काळातले रोजचे जगणे यातून अधिक कळेल.

आणि ज्या गोष्टी कधी लिहिल्याच गेल्या नाहीत त्यांचेही एक उदाहरण समोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून काम उभे करून हजारावर गावांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांतल्या काहींचे ध्वनिमुद्रण झाले आणि पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ने ते संग्रहात घेऊन टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केले. बीडकडच्या बायकांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांत आहेत. त्या पॉडकास्ट म्हणून कोणी केल्या नव्हत्या, पण मी कानात दांडी घालून त्या ऐकतो तेव्हा दुसरे काय करत असतो?

राजकारणाकडे येऊ. येथे मुलाखत, गोष्ट आणि चर्चा हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात आणि नेमका तेथेच घोळ होतो. नेत्यांना पॉडकास्ट फार लवकर कळला. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०१४मध्ये ‘मन की बात’साठी रेडिओ निवडला, जानेवारी २०२५मध्ये ते निखिल कामत यांच्या पॉडकास्टवर आणि मार्चमध्ये लेक्स फ्रिडमन यांच्याकडे गेले. त्याआधी अमेरिकेत ट्रम्प ऐन प्रचारात जो रोगन यांच्यासमोर जवळजवळ तीन तास बसले होते. वृत्तवाहिनीवर नेता चार मिनिटांत अडचणीत येऊ शकतो. पॉडकास्टमध्ये त्याला बालपण सांगायला मिळते. आई, शाळा, पहिला पराभव, आवडते गाणे. हे सगळे खरेही असते. दीड तासाने श्रोत्याला तो घरचा माणूस वाटू लागतो आणि घरच्या माणसाला कोण विचारणार की इसापूरच्या कालव्याचे पाणी शेवटच्या चाऱ्यांपर्यंत वेळेवर का येत नाही, किंवा केळीला हमीभावाचे संरक्षण का नाही? ही मुलाखत वेष पालटून आलेली गोष्ट असते. गोष्टीला उलटा प्रश्न विचारायचा नसतो, असा आपल्या कानाला लहानपणापासून संस्कार आहे.

चावडीवर असे होत नसे. चावडी काही आदर्श जागा नव्हती. बायका तेथे नव्हत्या, गावकुसाबाहेरचे लोक पायरीखाली होते. एवढे मान्य करूनही तिचा एक गुण सांगितला पाहिजे. तेथे बोलणाऱ्याच्या समोर त्याला ओळखणारा माणूस बसलेला असे. थाप मारली की कोणीतरी खाकरायचे. पॉडकास्टच्या खोलीत खाकरणारा नसतो. खालच्या प्रतिक्रियांमध्ये शिव्या असतात, जयजयकार असतो, खाकरणे नसते.

दुसरा प्रकार पत्रकारांच्या विश्लेषणाचा. त्याची कसोटी आमच्या जिल्ह्याने २०२४मध्ये घेतली. २० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेडमध्ये विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही होती, कारण जूनमध्ये निवडून आलेले खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये गेले. मतदार एकाच केंद्रात, एकाच वेळी दोन यंत्रांची बटणे दाबून आला. निकाल असा, की लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीकडे आणि लोकसभा काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांच्याकडे, १,४५७ मतांनी. आमचा तालुका भोकर विधानसभेत येतो. अशोक चव्हाण त्याच वर्षी फेब्रुवारीत भाजपमध्ये गेलेले आणि त्यांच्या कन्या श्रीजया येथून विजयी. राज्याच्या महानिकालावर मी जे तास-दीड तासांचे भाग ऐकले, त्यांत लाडकी बहीण होती, ‘बटेंगे तो कटेंगे’ होते, मराठा आणि ओबीसी होते. हे दोन बटणांचे कोडे एखाद्या वाक्यात उरकले जाई. राज्याच्या उंचीवरून पाहिले की ते अपवाद म्हणून सोडून देता येते. पण लाट, जात, पैसा यांपैकी कोणते कारण खरोखर किती चालते हे तपासायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणे अवघड होते : तोच मतदार, तोच दिवस, तीच रांग, आणि दोन निरनिराळे कौल. अर्धापूरच्या बसस्थानकावरच्या हॉटेलात यावर जी चर्चा त्या आठवड्यात झाली, ती कोणी मुद्रित केली असती तर राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरली असती. सहानुभूती, घराण्यावरचा राग, घराण्याचीच ओढ, एक मत इकडे तर एक तिकडे देऊन हिशेब सारखा करण्याची शेतकरी बुद्धी, असे कितीतरी त्यात होते.

तिसरा प्रकार समजावून सांगण्याचा, आणि मला तो या माध्यमाचा खरा दागिना वाटतो. बीबीसी मराठीची ‘गोष्ट दुनियेची’ ही मालिका जगातला एखादा प्रश्न घेऊन तज्ज्ञांच्या मदतीने उलगडते; आवाज शांत, वेळ मोजका. ही पद्धत घरच्या प्रश्नांना लावण्याची गरज २०२५मध्ये फार जाणवली. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी नोंदी शोधण्याचा शासन निर्णय काढला. गावागावात लोक विचारू लागले, हे गॅझेट म्हणजे काय? निजामाच्या राज्याची जनगणना कशी झाली, नोंदी उर्दू-फारसीत का, ‘कुणबी’ हा शब्द त्या काळी धंदा सांगायचा की जात, गावाचा आकडा असला तर व्यक्तीचे नाव कोठून आणायचे, ओबीसींना भीती कशाची वाटते, हे सारे समजावून सांगायला दीड तास लागतो. वृत्तवाहिनीकडे दीड तास नाही. पॉडकास्टकडे होता. काहींनी तो चांगला वापरला, कागद समोर ठेवून, ओळ वाचून. पुष्कळांनी दोन बाजूंचे दोन जण बसवून भांडण लावले, म्हणजे वाहिनीचाच खेळ मोठ्या मैदानावर खेळले.

या सगळ्यात एका गोष्टीची चिंता मला अधिक वाटते आणि ती तांत्रिक वाटली तरी तशी नाही. १९५४च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य ठरलेल्या ग्रंथालयांना द्याव्या लागतात. म्हणून हा दिवाळी अंकही कोठे ना कोठे उरण्याची आशा धरता येते. आवाजाला असा कायदा नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये महाराष्ट्र काय बोलत होता हे सध्या एका परदेशी कंपनीच्या मेहेरबानीवर साठवलेले आहे. वाहिनी बंद झाली, खाते गोठले, मालकाला स्वतःचेच जुने बोलणे अडचणीचे वाटू लागले, की भाग नाहीसा. मी दुवे टिपून ठेवलेल्या राजकीय भागांपैकी काही आज लागत नाहीत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्राचे संकुल आहे. जिल्ह्यातल्या अशा मुद्रणांची एक प्रत तेथे ठेवण्याची रीत पडली तर खर्च एका कपाटाएवढाही येणार नाही.

सप्टेंबर १९४८मध्ये निजामाने शरणागतीनंतर रेडिओवरून भाषण केले. त्या काळचा ज्यांचा आवाज सरकारी होता त्यांची नोंद झाली. ३० जानेवारी १९४८ला आमच्या शेजारची उमरीची बँक ज्यांनी लुटली आणि ती रक्कम मुक्तिलढ्याला दिली, सरहद्दीवरच्या कॅम्पांत ज्यांनी निरोप पोचवले, रझाकारांच्या भीतीने ज्या बायकांनी रानात रात्री काढल्या, त्यांच्यातल्या अगदी थोड्यांचे बोलणे मुद्रित झाले. त्या वर्षी पंधरा वर्षांचे असलेले पोर आज नव्वदीच्या पुढे आहे. तालुक्यात असे जे काही जण उरले आहेत त्यांच्याकडे मी सध्या फोन घेऊन जातो. पडदा नाही, दिवे नाहीत. सकाळी नऊच्या आत जावे लागते, नंतर ते थकतात. पंखा बंद करायला सांगावे लागते, कारण मुद्रणात तोच मोठा ऐकू येतो. पहिला प्रश्न रझाकारांचा विचारायचा नाही, त्याचे उत्तर पाठ झालेले असते. त्या साली घरात काय शिजत होते, हे विचारायचे आणि गप्प बसायचे.